न कळणाऱ्या भाषेचे गाणे : जपानी रॉक, दूरस्थ श्रोता आणि मात्रेचा प्रश्न

तौलनिक साहित्याभ्यासात अभिग्रहणाचा विचार सामान्यतः भाषांतरित संहितेपासून सुरू होतो. परंतु भाषांतर झालेलेच नसताना एखादी भाषिक कलाकृती परक्या प्रदेशात पोचते, आवडते आणि टिकते, तेव्हा त्या ग्रहणाला काय म्हणावे? जपानी रॉक संगीताचा जपानबाहेरील श्रोता हा प्रश्न उभा करतो. त्याला शब्द ऐकू येतात, अर्थ कळत नाही. मग तो ऐकतो ते अपुरे गाणे की वेगळे गाणे, हा या विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न झाशीच्या सदर बाजारातून पाहणे उद्बोधक ठरते. तटाच्या आतील जुन्या शहरात नेवाळकरांच्या काळी मराठी ही राजघराण्याची भाषा होती. विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत तेथे पोचले आणि १९०७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘माझा प्रवास’मुळे ती झाशी मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. सदर बाजार हा मात्र छावणीचा बाजार. तेथील मराठी घरातल्या एखाद्या तरुण श्रोत्याची कल्पना केली, तर घरात मराठी, रस्त्यावर हिंदी व बुंदेली आणि शाळेत इंग्रजी अशी त्याची भाषिक दिनचर्या दिसते. अॅनिमॅक्स ही वाहिनी २००४ मध्ये भारतात सुरू झाली आणि २०१७ मध्ये दूरचित्रवाणीवरून नाहीशी झाली. तिच्यासारख्या माध्यमांतून जपानी चित्रमालिका लहान शहरांतही पोचल्या. त्यांतील संवाद इंग्रजीत येत. शीर्षकगीते मात्र बहुधा मूळ जपानीतच राहत. भाषांतराने जे सोडून दिले, नेमके तेच अशा श्रोत्याच्या कानी पडले.

मराठीला जपानी काव्याचा परिचय याच्या उलट मार्गाने झालेला आहे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तो प्रामुख्याने इंग्रजीच्या मध्यस्थीने. त्या प्रवासात तीन ओळी, निसर्गातील क्षण आणि त्याला मिळणारी कलाटणी यांचा स्वीकार झाला. पाच-सात-पाच हे मूळ मोजमाप मात्र बंधनकारक राहिले नाही. म्हणजे अर्थ आला, माप राहिले. रॉक ऐकणाऱ्याच्या वाट्याला माप येते, अर्थ राहतो. ही दोन अभिग्रहणे एकमेकांची पूरक अर्धुके आहेत, असे येथे सुचवावयाचे आहे.

या मापाचे महत्त्व खुद्द जपानमध्ये वादाचा विषय झाले होते. १९७० च्या सुमारास तोक्योतील संगीतविषयक नियतकालिकांत जपानी भाषेत रॉक गाता येईल काय, हा वाद रंगला. युया उचिदा यांचा पक्ष असा की, रॉकच्या लयीत जपानी बसत नाही आणि जगापुढे जावयाचे तर इंग्रजीच हवी. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडने १९७१ मध्ये ‘सातोरी’ हा संग्रह काढला. शीर्षक झेन परंपरेतले, गायन इंग्रजीतले. दुसऱ्या बाजूस हारुओमी होसोनो, एइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरु सुझुकी यांचा ‘हॅपी एंड’ हा गट होता. त्याचे नावच इंग्रजी, पण ते परक्या शब्दांसाठी रूढ असलेल्या काताकाना लिपीत न लिहिता त्यांनी हिरागानात लिहिले. परका शब्द घरचा करण्याची ही कृती त्यांच्या संगीताचीही दिशा सांगते. १९७१ च्या ‘काझेमाची रोमान’ या संग्रहात मात्सुमोतो यांनी ‘वाऱ्याचे शहर’ कल्पिले, ते १९६४ च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या पुनर्रचनेत हरवलेले तोक्यो होय.

अडचण खरी होती. इंग्रजी शब्द आघातावर चालतो. जपानी उच्चार ‘मोरा’ या कालमापावर. दीर्घ स्वराचा उत्तरार्ध, द्वित्तापूर्वीचा विराम आणि शब्दान्तीचा ‘न्’ यांना प्रत्येकी स्वतंत्र माप मिळते. इंग्रजीत एका झटक्यात उच्चारला जाणारा ‘रॉक’ जपानीत ‘रोक्कु’ होतो आणि रो-क्-कु अशी तीन मापे व्यापतो. मराठी मात्रावृत्तात ‘रॉक’मधील स्वर दीर्घ धरला, तर गुरू आणि लघू मिळून त्याच्याही तीनच मात्रा होतात. हे दोन हिशेब एक नव्हेत. मराठीत जोडाक्षर मागील अक्षराला गुरुत्व देते, जपानीत तो विरामच माप ठरतो. तरीही शब्द काळाने मोजण्याची सवय दोन्हीकडे आहे. हॅपी एंडच्या गाण्यात शब्द मध्येच तुटतो, स्वर अनपेक्षित ठिकाणी लांबतो, तेव्हा मात्रा मोजण्याची सवय असलेल्या कानाला ती ओढाताण अर्थाशिवायही जाणवू शकते. ही जाणीव अज्ञानातून आलेली नाही. ती स्वभाषेच्या छंदःसंस्कारातून आलेली आहे.

मात्र येथेच दूरस्थ श्रोत्याची मर्यादाही सांगावी लागते. २००३ च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटात हॅपी एंडचे एक गाणे आले आणि जपानबाहेरील अनेकांना हा गट तेथून कळला. जगासाठी इंग्रजी हवी म्हणणाऱ्यांच्या पक्षाला हे उत्तर मिळाले खरे. पण चित्रपटातील ते गाणे परक्या शहराच्या एकाकीपणाची पार्श्वभूमी बनते. आपल्याच हरवलेल्या शहराविषयीचा मात्सुमोतोंचा शोक तेथे ऐकू येत नाही. ‘भाषा कळली नाही तरी चालते’ हा रसिकाचा उद्गार समीक्षकाने जसाच्या तसा स्वीकारला, तर ज्या भाषेसाठी तो वाद झाला तीच पुसली जाते.

मराठीला हा पेच परका नाही. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिहिणारे व पखवाज शिकलेले अरुण कोलटकर यांनी रॉक-ब्लूजच्या वळणाची गाणी रचली, ती इंग्रजीत. कोणते संगीत कोणती भाषा मागते, हा प्रश्न मुंबईतही होता. म्हणून सदर बाजारातील श्रोत्याचे ऐकणे अपुरे आहे, पण निराधार नाही. त्याच्याजवळ माप आहे. हायकूच्या मराठी वाचकाजवळ अर्थ आहे. मराठीतील तौलनिक अभ्यासाने या दोघांना समोरासमोर बसवावे. जपानी कवितेची मराठी ओळख त्याखेरीज पुरी होणार नाही.