चीनविषयक बालकथा आणि प्राथमिक वर्ग : चार चित्रपुस्तकांच्या निमित्ताने

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून इंग्रजी चित्रपुस्तकांची एक पेटी ग्रंथालयास भेट म्हणून पाठविली. तीत चीनवर बेतलेली चार पुस्तके निघाली. चौथीच्या वर्गास चीनचा परिचय करून द्यावयाचा म्हणजे भिंत, रेशीम, चहा आणि लोकसंख्या एवढ्यावर आमची मजल संपते. तेव्हा ही पुस्तके मराठीतून सांगून पाहावीत असे मी ठरविले आणि दोन महिने आठवड्यातील एक तास त्यासाठी राखून ठेवला. त्या तासांतून या पुस्तकांविषयी जे मत बनले ते येथे मांडीत आहे.

आरंभीच एका सहकाऱ्याने हरकत घेतली. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्या वर्गांत सैनिकांची मुले बसतात. अशा वर्गात चिनी गोष्टींचे कौतुक कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. परंतु ज्या मुलाचा बाप उत्तर सीमेवर आहे त्याच्या कानावर ‘चिनी’ हा शब्द घरी रोजच पडतो. त्या शब्दाचा काहीतरी अर्थ तो मनाशी लावणारच. शिक्षकाने मौन पाळले म्हणून तो अर्थ लागावयाचा थांबत नाही. शिवाय १९६२ च्या युद्धानंतर भारतातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांतील अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. माणसाचा चेहरा पाहून त्याचा पक्ष ठरविण्याची सवय फार लहानपणी लागते, आणि कधी कधी ती पुस्तकांतूनच लागते.

‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’ हे १९३८ चे पुस्तक या दृष्टीने प्रथम घेतो. लेखिका क्लेअर ह्युशे बिशप, चित्रकार कुर्ट वीझ. पाच भाऊ एकमेकांसारखे हुबेहूब. एक समुद्र तोंडात साठवू शकतो, एकाची मान लोखंडाची, एकाचे पाय हवे तेवढे लांबतात, एकास अग्नी जाळीत नाही, एक श्वास हवा तितका वेळ रोखून धरतो. पहिल्यावर देहदंडाचा प्रसंग येतो. तो आईचा निरोप घेण्यास घरी जातो आणि त्याच्या जागी दुसरा भाऊ येतो, मग तिसरा, मग चौथा. मुलांना ही गोष्ट अतिशय आवडली हे मी प्रांजळपणे नमूद करतो. तिची रचना चोख आहे आणि पुनरुक्तीची गंमत या वयाला भावते. पण चित्रे पाहताना एका मुलीने विचारले, “सर, भाऊ सारखे आहेत ते कळले, पण न्यायाधीश आणि गावातले लोकसुद्धा त्यांच्यासारखेच का दिसतात?” तिने पुस्तकाच्या वर्मावर बोट ठेवले होते. सगळ्यांचे चेहरे सारखेच असतील तर भावांच्या सारखेपणातला चमत्कार तो कोणता राहिला? येथे चित्रकाराचा दोष केवळ शिष्टाचाराचा नाही, त्याने कथेचा कणाच मोडला आहे. दुसरा दोष बारीक आहे, पण बोलका आहे. शेवटच्या भावास गुदमरून मारण्यासाठी भट्टीत घुसळून फुगवलेली साय भरतात. जुन्या हान चिनी स्वयंपाकघरात दुधादह्याला फारसे स्थानच नव्हते, मग भट्टीभर साय आली कोठून? ती पाश्चात्त्य मिठाईच्या दुकानातून आली, हे उघड आहे. मार्गारेट माही हिने १९९० मध्ये अशाच भावांची कथा पुन्हा सांगितली. तीत भाऊ सात आहेत आणि पार्श्वभूमी आहे सम्राट छिन शी हुआंगच्या काळातील भिंतीच्या बांधकामाची. तेथे राबणाऱ्या मजुरांचे हाल हे कथेचे निमित्त होताच त्याच कल्पनेला वजन येते. आमच्या पेटीत मात्र जुनेच पुस्तक होते.

आश्चर्य असे की, ज्या हाताने ही चित्रे काढली त्याच हाताने पाच वर्षे आधी, १९३३ मध्ये, ‘द स्टोरी अबाउट पिंग’ हे पुस्तक सजविले होते. कुर्ट वीझ हा जन्माने जर्मन. तरुणपणी तो व्यापारानिमित्त काही वर्षे चीनमध्ये राहिलेला होता. मार्जोरी फ्लॅक हिने लिहिलेली ही गोष्ट यांगत्से नदीवरील एका बदकाची आहे. सायंकाळी नावेवर शेवटी चढणाऱ्या बदकाला पाठीवर छडी बसते. ती चुकविण्यासाठी पिंग मागे राहतो आणि हरवतो. येथे नावेला डोळे रंगविलेले आहेत, कारण तेथील नावांना तसे डोळे खरोखरच रंगवीत असत. मासे पकडणाऱ्या पाणकावळ्यांच्या गळ्यात कडे आहे, कारण ते नसेल तर पाणकावळा मोठा मासा स्वतःच गिळून टाकील. नावेवरच्या मुलाच्या पाठीला लाकडी पिंप बांधले आहे, कारण ज्याचे घर पाण्यावर तरंगते त्याचे पोर केव्हाही पाण्यात पडणार. चमत्कारिक वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे येथे कोणाचे तरी पोट किंवा कोणाची तरी काळजी उभी आहे. मुलांना हे सांगावे लागले नाही. “पिंप कशाला?” असे मी विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले. त्या मुलाचे आजोळ मालवणास आहे. परजीवनाचा पाठ खरा की खोटा, हे ओळखण्याची माझी कसोटी येथेच तयार झाली. मुलाला ‘असे का?’ हा प्रश्न पडला पाहिजे आणि त्याचे उत्तर त्या लोकांच्या संसारात सापडले पाहिजे. ते न सापडता नुसते नवल उरत असेल, तर आपण भूगोल शिकवीत नसून जत्रेतला खेळ दाखवीत आहोत.

पिंगची गोष्ट सांगताना माझी एक गंमतीची अडचण झाली. पिंगच्या कुटुंबात अकरा ‘आंट’ आणि सात ‘अंकल’ आहेत. मराठीत त्या अकराजणींचे काय करावे? मावश्या म्हणाव्यात, आत्या म्हणाव्यात, की काकू आणि माम्या? इंग्रजीने एकाच गोणीत कोंबलेली नाती आपल्याला वेगळी काढावी लागतात. चिनी भाषेत तर ती मुळातच वेगळी आहेत. मामाला तेथे ‘जिऊजिऊ’ म्हणतात. वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’ आणि धाकटा ‘शूशू’. मराठी वर्ग या बाबतीत चिनी घराच्या अधिक जवळ आहे आणि मधले इंग्रजी पुस्तकच त्यांना दूर ठेवते. ही गोष्ट फळ्यावर मांडली तेव्हा वर्गात जो उत्साह उसळला तो भिंतीच्या लांबीने कधी उसळला नव्हता.

नात्यांच्या या वाटेने ‘लॉन पो पो’ हे तिसरे पुस्तक सुलभ झाले. ‘पो पो’ म्हणजे आईची आई. एड यंग हा चित्रकार १९३१ मध्ये त्येन्जिन येथे जन्मला आणि शांघायमध्ये वाढला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाबद्दल त्याला १९९० चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. तांबड्या टोपीवाल्या मुलीच्या पाश्चात्त्य कथेची ही चिनी बहीण. येथे मुलगी आजीकडे जात नाही. आई आजीच्या भेटीस जाते आणि घरी राहिलेल्या तीन मुलींकडे लांडगा आजी बनून येतो. अंधारात शेपूट हाताला लागते तेव्हा तो सांगतो, टोपली विणण्यासाठी सुतळी आणली आहे. नखे लागतात तेव्हा सांगतो, जोडे शिवण्यासाठी आरी आणली आहे. लांडग्याला खोटे बोलावयाचे तर आजी घरात काय करते हे ठाऊक असले पाहिजे! टोपल्या आणि जोडे घरीच करणाऱ्या म्हातारीचे सारे आयुष्य या दोन थापांतून दिसते, आणि लेखकाने ते मुद्दाम सांगितलेले नाही. पुढे मुली गिंकोच्या झाडावर चढतात आणि लांडग्याला टोपलीत बसवून वर ओढता ओढता खाली सोडतात. लाकूडतोड्या येऊन सोडवील याची त्या वाट पाहत नाहीत. चित्रे पडद्याच्या फळ्यांसारखी उभी विभागली आहेत आणि लांडगा बहुधा सावलीतच राहतो. लहान मुलांसाठी ती जरा भयप्रद आहेत. दोन मुलांनी पाने उलटताना डोळे मिटून घेतले. तरीही या चौघांत मी याच पुस्तकास पहिले स्थान देतो.

चौथे पुस्तक ‘टिकी टिकी टेम्बो’. आर्लीन मोझेल हिने ते लिहिले आणि ब्लेअर लेंट याने चित्रे काढली. १९६८ पासून इंग्रजी शाळांत ते अतोनात लोकप्रिय आहे. पूर्वी चिनी लोक थोरल्या मुलास लांबलचक मानाचे नाव ठेवीत आणि धाकट्याची बोळवण क्षुल्लक नावाने करीत. थोरला विहिरीत पडला, त्याचे नाव सांगता सांगता वेळ गेला, आणि म्हणून चिनी लोक हल्ली आखूड नावे ठेवतात, असे हे पुस्तक सांगते. वाचावयास ते अत्यंत नादमधुर आहे. मात्र त्यातील चीन खोटा आहे. ते लांब नाव कोणत्याही चिनी बोलीतले नाही आणि कथेचा सांगाडा ‘जुगेमु’ या जपानी रंजनकथेशी जुळतो. धाकट्या ‘चँग’च्या नावाचा अर्थ ‘काहीच नाही’ असा दिला आहे. वास्तविक त्या उच्चाराच्या एका चिनी शब्दाचा अर्थ चक्क ‘लांब’ असा होतो. चिनी नावात आडनाव आधी येते आणि ते बहुधा एकाच अक्षराचे असते. पुढे एक किंवा दोन अक्षरांचे स्वतःचे नाव. पुष्कळ घराण्यांत त्यांतील एक अक्षर एका पिढीच्या सर्व भावंडांना समान असे. लग्न झाले तरी बाई माहेरचे आडनाव सोडीत नाही.

परंतु माझी खरी तक्रार पुढेच आहे. लाडक्या मुलाला भारी नाव देण्याची जी प्रथा पुस्तकाने कल्पिली तिच्या नेमकी उलट प्रथा चीनमध्ये होती. मूल जगावे, त्याच्यावर दुष्ट शक्तींची नजर पडू नये, म्हणून त्याला मुद्दाम हलके नाव ठेवीत. ‘कुत्र्याने टाकलेले’ अशा अर्थाचे नावही खेड्यांतून ऐकू येई. हे वाचून कोणत्या मराठी माणसास दगडू, धोंडू, केरू, भिकू आठवणार नाहीत? आपल्याकडेही मुले दगावत तेथे ही नावे ठेवली गेली. खोट्या नावाच्या गमतीपायी मुलांच्या हातून निसटले ते हे साम्य! रंजनासाठी पुस्तक वाचावे, त्याला माझी ना नाही. परंतु ‘चिनी लोक असे करीत’ म्हणून ते सांगू नये.

त्या तासाला मी टिकी टिकी टेम्बो बाजूला ठेवून सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांची हकीगत सांगितली. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. तेथे त्यांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाने आपल्या नावाशेवटी चीनचे वाचक असे ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. ‘कोटणीस’मधून ‘के’ उरला आणि तो आडनाव म्हणून पुढे आला. क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर तेथेच निवर्तले. शिजियाझुआंग येथे त्यांचा पुतळा आहे. मुलांनी मग आपापली नावे आडनाव आधी घालून वहीत लिहिली, आणि घरातील जुन्या माणसांची नावे विचारून येण्याचे ठरले.

दुसऱ्या दिवशी ज्याचे वडील लडाखमध्ये आहेत तो मुलगा सर्वांआधी आला. त्याच्या पणजोबांचे नाव दगडू. आधीचे तीन भाऊ गेले म्हणून ते ठेवले, असे आजीने सांगितल्याचे तो म्हणाला. वहीत त्याने ते नाव लिहून आणले होते आणि त्याच्याशेजारी, मी फळ्यावर सांगितलेला अर्थ आठवून, ‘कुत्र्याने टाकलेले’ असेही लिहिले होते. मग त्याने विचारले, तो चिनी मुलगा जगला का?