पाठ्यपुस्तकातील चौकट आणि तिचा श्रोता

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड आता नवलाईचा राहिलेला नाही. त्याची चर्चा होते ती सोय म्हणून. मी त्याच्याकडे मजकुराचा भाग म्हणून पाहतो. मजकूर म्हटला की तो कोण, कोणाला उद्देशून बोलतो, हे विचारावे लागते.

मराठी क्रमिक पुस्तकांना संपादकाचा चेहरा होता. ‘नवयुग वाचनमाला’ आचार्य अत्र्यांच्या नावाने ओळखली जाते. 1967 साली बालभारतीची स्थापना झाली आणि पुढे एका नावाची जागा समितीने घेतली. तरीही छापील धडा आणि मूल यांच्यामध्ये शिक्षक होताच. कुठे थांबायचे, कोणता शब्द गावच्या बोलीत फोडून सांगायचा, हे तो समोरचे चेहरे पाहून ठरवी.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ते याच कामाचा विस्तार म्हणून. मुलांची मातृभाषा ओळखून त्यांनी मजकूर भाषांतरित केला. कविता ध्वनिरूपात दिल्या, गोष्टी आणि स्वाध्याय जोडले आणि मुलांच्या प्रतिसादानुसार ते बदलले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. इथे चौकटीमागचा आवाज आपल्या श्रोत्याला ओळखत होता.

पुढे हीच कल्पना राज्यभरच्या पुस्तकांत आली आणि कोड 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचाला जोडले गेले. एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो अशा शाळेला, किंवा आजारपणात धडा बुडालेल्या मुलाला, याचा उपयोग आहेच. तिथल्या साहित्यात शिक्षकांचाही वाटा आहे. पण ते साऱ्या राज्याला उद्देशून केलेले असते. मुलाने मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारले, तर चित्रफीत पुढेच जाते. उत्तर वर्गातल्या शिक्षकालाच द्यावे लागते. आणि त्याच्याकडे चित्रफीत लावण्याचेच काम सोपवले, तर ते उत्तर देण्याची सवय मोडते.

चौकटीचा दुसरा अडथळा पुस्तकाबाहेरचा आहे. ‘असर’च्या 2024च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले सुमारे 57 टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. वापरता येणाऱ्यांतही स्वतःचा फोन असलेल्या मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या. छापील पान मात्र वर्गात प्रत्येकासमोर सारखेच उघडते.

म्हणून माझा आक्षेप तंत्राला नाही, त्याच्या एकाच दिशेला आहे. परितेवाडीतून राज्याने कोड घेतला. मजकूर आपल्या वर्गासाठी बदलण्याचा शिक्षकाचा अधिकार मागेच राहिला. प्रत्येक शाळेला त्या चौकटीमागे स्वतःचे ध्वनिमुद्रण, स्वतःच्या बोलीतले स्पष्टीकरण ठेवता यावे, आणि त्यासाठी शिक्षकाला वेळ मिळावा. पाठ्यपुस्तकांची समीक्षा करणाऱ्यांनी यापुढे धड्यांच्या निवडीबरोबर हेही तपासायला हवे.