इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास व त्याचीं साधनें

इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक बहुधा मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणापासून आरंभ करतो, १८५४ च्या वुडच्या खलित्याकडे वळतो, आणि १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं असें सांगून विसांवा घेतो. हा क्रम खोटा नाहीं. पण तो राज्यकर्त्यांच्या हेतूंचा इतिहास झाला. वर्गांत बसलेला विद्यार्थी त्यांत शोधूनही सांपडत नाहीं.

या विषयावरील दोन मान्यवर ग्रंथ आम्हांस येथें विचारांत घ्यावेसे वाटतात. हॉवट यांचा १९८४ सालचा इतिहास पाठ्यपुस्तकांचा व अध्यापनपद्धतींचा मागोवा मोठ्या साक्षेपानें घेतो. बंगालमध्यें काम केलेल्या मायकेल वेस्ट यांना त्यांत योग्य स्थान आहे. परंतु ती दखल शिकविणाऱ्या इंग्रजाची आहे, शिकणाऱ्या बंगाली मुलाची नव्हे. गौरी विश्वनाथन् यांनीं ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या १९८९ च्या ग्रंथांत, इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडाआधीं येथें कसा रुजला, हें समर्थपणें दाखविलें आहे. मात्र भारतीयांनीं त्या शिक्षणाचें काय केलें, हा प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा आहे, असें त्या प्रामाणिकपणें आरंभींच सांगतात.

तो प्रश्न सोडविण्याचें काम अर्थातच आपल्यावर येतें. मुंबई इलाख्यापुरतें पाहिलें तरी चित्र किती पालटतें! मेकॉलेच्या टिपणापूर्वीं तीन वर्षें, १८३२ च्या जानेवारींत, बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें, तें इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत. १८३६ सालीं निघालेल्या दादोबा पांडुरंगांच्या मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची आहे. पुढें १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें माध्यमाचा वाद पेटला, तेव्हां अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूस होते, तर कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या. म्हणजे राज्यकर्ते एका पक्षाला आणि प्रजा दुसऱ्या पक्षाला, अशी सरळ वाटणी नव्हतीच.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, इंग्रजी शिकतां शिकतां त्या पिढीनें आपलें मराठी गद्यही घडविलें; म्हणून इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास हा निम्मा मराठीचाच इतिहास होय. केवळ इंग्रजी कागद वाचणाऱ्यास त्याची एकच बाजू दिसणार. दुसरी बाजू १९४७ सालीं प्रियोळकरांनीं प्रसिद्ध केलेल्या दादोबांच्या आत्मचरित्रांत आहे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंत आहे, आणि जुन्या क्रमिक पुस्तकांच्या समासांत मुलांनीं पेन्सिलीनें लिहिलेल्या मराठी अर्थांतही आहे. सरकारी अहवाल दप्तरांत जपले जातात. मुलांनीं वापरून फाटलेलीं पुस्तकें मात्र रद्दींत जातात. ज्या घरांत अशीं पुस्तकें अद्याप असतील, त्यांनीं तीं विकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावीं. या इतिहासाचें अर्धें दप्तर त्यांच्याच माळ्यावर आहे.