मैफिलीचा पाठ आणि पाठभेद : 'एल्विस : दॅट्स द वे इट इज' या चित्रपटाच्या १९७० व २००१ च्या आवृत्त्या

प्रास्ताविक

जुन्या चित्रपटांच्या जतनासंबंधी लिहिताना 'पुनरुज्जीवन' हा शब्द आपण बराच सैलपणे वापरतो. निगेटिव्हवरील ओरखडे घालविणे, उडालेले रंग पूर्वस्थितीत आणणे, ध्वनीतील खरखर दूर करणे हे एक काम होय. त्याच वेळच्या चित्रीकरणातून वेगळी निवड करून वेगळा चित्रपट जुळविणे हे सर्वस्वी दुसरे काम होय. पहिल्यात कृती तीच राहते, दुसऱ्यात ती बदलते. तरीही वेष्टनावर दोहोंसाठी एकच शब्द छापला जातो. एल्विस प्रेस्लीच्या १९७० मधील लास व्हेगास येथील मैफिलींवर आधारलेला 'एल्विस : दॅट्स द वे इट इज' हा चित्रपट या संदर्भात विशेष अभ्यसनीय ठरतो, कारण त्याच्या बाबतीत ही दोन्ही कामे झाली आहेत. १९७० ची मूळ आवृत्ती आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'विशेष आवृत्ती' यांत नेमके काय वाढले आणि काय गेले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे जन्मलेला हा गायक १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून पुढे आला आणि दोन वर्षांतच साऱ्या अमेरिकेचा विषय झाला. १९६१ च्या मार्चमध्ये हवाई येथे झालेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमानंतर मात्र त्याने जाहीर मैफिली सोडल्या आणि हॉलिवूडच्या हलक्याफुलक्या चित्रपटांत तो अडकून पडला. ३ डिसेंबर १९६८ रोजी प्रक्षेपित झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याची गायक म्हणून पुन्हा ओळख करून दिली. ३१ जुलै १९६९ पासून लास व्हेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात तो श्रोत्यांसमोर उभा राहू लागला. प्रस्तुत चित्रपट तेथील तिसऱ्या हंगामाचा, म्हणजे ऑगस्ट १९७० चा आहे. गायक तेव्हा ३५ वर्षांचा होता.

दिग्दर्शक डेनिस सँडर्स हे माहितीपटांचे दिग्दर्शक होते. 'चेकोस्लोव्हाकिया १९६८' या लघु माहितीपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते. छायालेखक ल्यूशियन बॅलर्ड यांनी आदल्याच वर्षी प्रदर्शित झालेला 'द वाइल्ड बंच' चित्रित केला होता. म्हणजे एका बाजूस वार्तांकनाची शिस्त आणि दुसऱ्या बाजूस मोठ्या पडद्याचा देखणेपणा. या दोहोंची ओढाताण मूळ चित्रपटात सतत जाणवते, आणि तो तिच्यामुळेच जिवंत वाटतो असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ आवृत्ती : बोलणारे प्रेक्षक

सँडर्स यांनी मैफिलीचा चित्रपट न करता मैफिलीभोवतीच्या समाजाचा चित्रपट केला. त्यात हॉटेलचे कर्मचारी बोलतात. दूरवरून आलेले चाहते आपल्या भक्तीचा हिशेब सांगतात. लक्झेंबर्ग येथे भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्यापर्यंत कॅमेरा जातो; ज्या युरोपात एल्विसने कधी जाहीर मैफल केली नाही, तेथील माणसे एका अनुपस्थित गायकाभोवती जमलेली दिसतात. पहिल्या रात्री सभागृहात येणारे कॅरी ग्रँट आणि सॅमी डेव्हिस ज्युनिअर हेही टिपले जातात. या सर्वांनंतर जेव्हा गायक 'लव्ह मी टेंडर' गात रंगमंचावरून खाली उतरतो आणि स्त्रिया त्याच्या चुंबनासाठी पुढे सरसावतात, तेव्हा त्या गर्दीतील माणसांची मने आपणांस थोडीफार ठाऊक झालेली असतात.

हे भाग निर्दोष नाहीत. काही मुलाखतींत चाहत्यांकडे पाहण्याची दृष्टी किंचित उपहासाची आहे. कॅमेरा त्यांच्या भाबडेपणावर अंमळ जास्तच रेंगाळतो, आणि गाणे रंगात आले असता मध्येच तोडले जाते. अनेक रसिकांना मूळ चित्रपट याच कारणाने खटकत आला. तेव्हा २००१ च्या संपादकांनी कात्री चालविली ती अकारण नव्हे.

२००१ ची आवृत्ती : श्रमणारा गायक

नव्या आवृत्तीची सूत्रे रिक श्मिडलिन यांच्याकडे होती. मुलाखतींचा आणि मेळाव्याचा जवळजवळ सर्व भाग वगळून त्यांनी त्या जागी तालमींचे आणि रंगमंचावरील गाण्यांचे, पूर्वी न वापरलेले चित्रीकरण घातले. चित्रफितीची स्वच्छता झाली आणि ध्वनी मूळ बहुमार्गी ध्वनिमुद्रणावरून नव्याने मिसळला गेला. परिणाम प्रथमदर्शनीच दिपवून टाकणारा आहे. पांढऱ्या पोशाखाच्या झालरी, कपाळावरील घाम, दिव्यांचा पिवळसर रंग हे सारे काल चित्रित केल्यासारखे दिसते.

परंतु या आवृत्तीचे खरे मोल तालमींत आहे. तालमींच्या तीन पायऱ्या येथे स्पष्ट होतात. प्रथम कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे एम. जी. एम. च्या स्टुडिओत केवळ छोट्या वाद्यवृंदासह. नंतर लास व्हेगासमध्ये साथीच्या गायक-गायिकांसह. आणि अखेरीस प्रत्यक्ष रंगमंचावर जो ग्वेर्चिओ यांच्या पूर्ण वाद्यवृंदासह. पहिल्या पायरीवरचा एल्विस हसतो, शब्दांची थट्टा करतो, गाणे अर्ध्यावर सोडून दुसऱ्याच जुन्या गाण्यात शिरतो. वरवर हा पोरखेळ वाटतो. लक्षपूर्वक पाहिल्यास असे ध्यानात येते की थट्टा चालू असतानाच लय ठरत असते. हाताच्या एका झटक्याने तो ठेका सावकाश करवितो, नजरेने गिटारवादक जेम्स बर्टन यांना जागा देतो, एखादी ओळ वेगळ्या स्वरावर संपवून पाहतो. ढोलवादक रॉनी टट हे तर त्याच्या खांद्याकडे आणि गुडघ्याकडे पाहून आघात देतात. शरीर पुढे आणि ताल मागे असा तो व्यवहार आहे. एल्विसच्या हालचालींना १९५६ पासून अश्लील, सहजप्रवृत्त, अनावर अशी विशेषणे लावली गेली. त्या हालचाली वाद्यवृंदाचे संचालन करीत होत्या, हा पुरावा या तालमींइतका स्वच्छ अन्यत्र क्वचितच सापडेल.

दुसरा लाभ ध्वनीचा. 'द स्वीट इन्स्पिरेशन्स' हा कृष्णवर्णीय गायिकांचा गट आणि 'द इम्पीरियल्स' हा गोऱ्या पुरुषांचा भक्तिगीते गाणारा गट यांचे स्वर नव्या मिश्रणात वेगवेगळे ओळखता येतात. ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. आर्थर क्रडप यांच्या गाण्याने ज्याची कारकीर्द सुरू झाली आणि बिग मामा थॉर्नटन यांनी आधी गायिलेले 'हाउंड डॉग' ज्याच्या नावावर जगभर गेले, त्या गायकाच्या मागे उभ्या असलेल्या या स्त्रिया त्याच्या आवाजाला कोठे उचलून धरतात आणि कोठे उत्तर देतात, हे आता ऐकू येते. 'सस्पिशस माइंड्स'च्या लांबविलेल्या शेवटात तर गाण्याचा भार बराचसा त्याच वाहतात असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. १९७० च्या चित्रपटाने वर्णाचा प्रश्न उच्चारला नाही, २००१ च्याही नाही. पण नव्या ध्वनीमुळे तो निदान कानावर पडतो.

पाठचिकित्सेची कसोटी

मराठीच्या अभ्यासकास येथे पाठचिकित्सेची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती शिरलेले अपपाठ दूर करून मूळ पाठ प्रस्थापित करण्याच्या भूमिकेतून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात मुख्य संहितेतून वगळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले आहेत. संपादकाने एखादा भाग अप्रमाण ठरविला तरी वाचकाला तो तपासता यावा, ही त्यामागील नीती.

या कसोटीवर २००१ ची आवृत्ती कोठे उतरते? श्मिडलिन यांनीच १९९८ मध्ये 'टच ऑफ ईव्हिल'ची नवी जुळणी केली होती, तेव्हा त्यांच्यासमोर ऑर्सन वेल्स यांचे स्टुडिओला पाठविलेले ५८ पानांचे टिपण होते. कर्त्याचा हेतू लिखित स्वरूपात उपलब्ध होता आणि संपादक त्या हेतूचा सेवक होता. एल्विसच्या चित्रपटाला असा आधार नाही. सँडर्स १९८७ मध्ये निवर्तले होते, आणि त्यांनी १९७० मध्ये केलेला चित्रपट पूर्ण व प्रदर्शित होता. कोणी त्याची मोडतोड केलेली नव्हती. म्हणजे येथे प्रक्षेप काढून मूळ पाठ सिद्ध झालेला नाही. मूळ पाठच बाजूस सारून, त्याच हस्तलिखिताच्या न वापरलेल्या पानांतून दुसरा ग्रंथ तयार झाला आहे. तो ग्रंथ अधिक रसाळ आहे हे मान्य करूनही त्यास 'पुनरुज्जीवन' म्हणता येत नाही.

गमावले ते काय? नव्या आवृत्तीतही प्रेक्षक आहेत. टाळ्या आहेत, किंकाळ्या आहेत, पुढच्या रांगांतील चेहरे आहेत. परंतु ते बोलत नाहीत. त्यांची वये, त्यांचे व्यवसाय, गाण्याशी त्यांनी जोडलेले स्वतःचे आयुष्य हे सर्व पुसले गेले आणि ते गायकाच्या तेजाची पार्श्वभूमी होऊन बसले. दंतकथा कशी घडते याचे साधन १९७० च्या चित्रपटात होते; २००१ च्या चित्रपटात घडलेली दंतकथा आयती मिळते. १९७७ च्या १६ ऑगस्टला एल्विस वारल्यानंतर जी अफाट चाहतेसंस्कृती जगाने पाहिली, तिची तो हयात असतानाची मुळे शोधू पाहणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाला नवी आवृत्ती फारशी उपयोगाची नाही. ज्या मुलाखती रसिकाला कंटाळवाण्या वाटतात त्या त्याला अमूल्य आहेत.

२००७ मध्ये दोन तबकड्यांचा जो संच निघाला त्यात मूळ आवृत्तीही स्वच्छ करून नव्या आवृत्तीसोबत देण्यात आली. चिकित्सक आवृत्तीच्या परिशिष्टाचे काम तेथे काही अंशी झाले आहे. वर्गात हा चित्रपट दाखवावयाचा असेल तर १९७० ची आवृत्ती आधी आणि २००१ ची नंतर, हा क्रम राखणे इष्ट. उलट क्रमाने मुलाखती केवळ अडथळा वाटतात, असा विद्यार्थ्यांसमवेतचा अनुभव आहे.

नंतरची भर

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोरंटो येथील महोत्सवात बाझ लुहर्मन यांचा 'एपिक : एल्विस प्रेस्ली इन कॉन्सर्ट' हा चित्रपट दाखविण्यात आला. २०२२ च्या 'एल्विस' या कथाचित्रपटासाठी साहित्य शोधत असता कॅन्सस राज्यातील मिठाच्या खाणींत, जेथे वॉर्नर ब्रदर्सचा संग्रह ठेवलेला आहे, १९७० च्या मैफिलींची आणि १९७२ च्या 'एल्विस ऑन टूर'ची न वापरलेली रिळे त्यांना मिळाली. बऱ्याच रिळांना ध्वनीच नव्हता. अन्यत्र जतन झालेली ध्वनिमुद्रणे शोधून ती ओठांच्या हालचालींशी जुळवावी लागली. निवेदनासाठी एल्विसच्याच ध्वनिमुद्रित आत्मकथनाचा वापर केला आहे.

ही योजना आकर्षक आहे, आणि ती २००१ च्या आवृत्तीचीच दिशा पुढे नेते. १९७० मध्ये त्याच्याविषयी इतर माणसे बोलत होती. २००१ मध्ये त्यांना गप्प केले गेले. आता तो स्वतःच आपल्याविषयी बोलतो. लुहर्मन यांनी आपली कृती माहितीपट नव्हे आणि निव्वळ मैफिलीचा चित्रपटही नव्हे, असे म्हटले आहे, आणि हा प्रामाणिकपणा श्मिडलिन यांच्या आवृत्तीच्या वेष्टनावर नव्हता. मात्र खाणींतील त्या पेट्यांत तालमींची आणि गाण्यांचीच रिळे निघाली की हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या आणि लक्झेंबर्गच्या मेळाव्याच्या न वापरलेल्या मुलाखतीही, याची सूची अभ्यासकांसाठी प्रसिद्ध व्हावयास हवी.