जुगारगृहातील ‘निष्ठा’ : एक परीक्षण

जुगाराविषयी आपल्या मंडळ्यांतून जी प्रवचने होतात, त्यांत बहुधा वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकणाऱ्या शिपायांचा दाखला येतो आणि लोभाचा निषेध करून विषय संपविला जातो. हा निषेध अयोग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आजच्या जुगारगृहाचे एक प्रभावी साधन त्यामुळे दृष्टीआड राहते. ते साधन म्हणजे मान. वारंवार येणाऱ्या खेळाडूस कार्ड द्यावे, गुण द्यावेत, वरची श्रेणी द्यावी, जेवण व खोली विनामूल्य द्यावी, या पद्धतीला तो व्यवसाय ‘निष्ठा’ म्हणतो. त्या नावाचेच परीक्षण येथे करावयाचे आहे.

ही निष्ठा मोजतात कशी? खेळाडू जिंकला की हरला, यावर ती सहसा ठरत नाही. सरासरी पण, तासाचे डाव, बसण्याचे तास आणि जुगारगृहाचा ठरलेला नफा यांच्या गुणाकारावरून त्याने किती गमवावयास हवे, ते काढतात. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ घरे असतात, पण पैसे ३६ घरांच्या हिशेबाने मिळतात. शंभरामागे सुमारे २ रुपये ७० पैसे मालकाचे. समजा, कोणी ५०० रुपयांचा पण तासाला ४० वेळा, असा ४ तास लावला. ८०,००० रुपये फिरले आणि अपेक्षित तोटा झाला सुमारे २,१६० रुपये. त्यातील चौथा हिस्सा जरी ‘भेट’ म्हणून परत केला, तरी ते ५४० रुपये होतात. फुकटचे जेवण म्हणतात ते हेच! पुष्कळ ठिकाणी श्रेणीला मुदतही असते. ती राखण्यासाठी पुन्हा खेळावे लागते.

आता दुसरी बाजू पाहा. ब्लॅकजॅकमध्ये पडलेली पाने स्मरणात ठेवून खेळणारा मनुष्य कितीही नेमाने आला, तरी त्याला मान मिळत नाही. दार दाखविले जाते. केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असा मज्जाव जुगारगृहाने आपल्या मर्जीने करू नये, असे ठरविले. नेवाडात मात्र तो चालतो. म्हणजे पारितोषिक येण्याला नसून हरण्याला आहे. विश्वासू कारभाऱ्याची जी कल्पना आपण शिकवितो, तिची ही नेमकी उलटी आकृती होय.

बीदर-कलबुर्गीच्या पाळकांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु मांडवी नदीतील जहाजे पाहुण्यांसाठीच आहेत. गोव्याने १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून ही दारे उघडली, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्याच रहिवाशांना मात्र तेथे खेळण्यास मनाई केली. यजमानाने स्वतःच्या मुलांना न वाढलेले ताट पाहुण्यापुढे ठेवावे, तसे हे झाले.

मोबाईलवरील रमीने तर गोव्याचा प्रवासही वाचविला, आणि तेथेही श्रेण्या व गुण होतेच. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. औराद वा आळंद तालुक्याची सीमा ओलांडून महाराष्ट्रात गेले की ती संपत असे. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा होऊन देशभर असे खेळ निषिद्ध ठरले. कायदा झाला, पण ज्याला वर्षानुवर्षे ‘सन्माननीय’ म्हणून संबोधिले गेले आणि ज्याला घरात वा मंडळीत कोणी तसे संबोधीत नाही, त्याची ती भूक कायद्याने कशी शमेल?

मेथडिस्ट मंडळ्यांना जॉन वेस्लीचे द्रव्याच्या उपयोगावरील प्रवचन परिचित आहे. शेजाऱ्याची हानी करून होणाऱ्या कमाईत त्याने जुगारही गणला आहे. जुगारगृहाच्या मालकालाही ते लागू पडते, हे आपण क्वचितच बोलतो. आपला रोख नेहमी हरणाऱ्यावरच असतो. अशा घरी भेटीस जाणाऱ्या पाळकाने वा सुवार्तिकाने पहिल्याच बैठकीत कर्जाची रक्कम विचारू नये, असे आम्हास वाटते. तेथे त्याला काय म्हणून हाक मारीत, हे आधी विचारावे.