चौधरी, बहिणाबाई
(२४ ऑगस्ट १८८०–३ डिसेंबर १९५१). खानदेशातील निरक्षर कवयित्री व गीतकर्त्री. जन्म जळगावजवळील असोदे ह्या गावी, महाजनांच्या शेतकरी कुटुंबात. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिशीतच वैधव्य आले. पदरी एक मुलगी व दोन मुलगे होते. त्यांतील धाकटे सोपानदेव पुढे कवी म्हणून प्रसिद्ध झाले. बहिणाबाईंचे उरलेले आयुष्य शेतात राबण्यात, कौटुंबिक वाटण्यांचे ताण सोसण्यात आणि मुलांना वाढविण्यात गेले. बाह्य घटनांच्या दृष्टीने ह्या चरित्रात सांगण्यासारखे आणखी फारसे नाही.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात निंदणी-कापणी करताना, चुलीपुढे बसताना त्या गाणी रचीत आणि रचता रचताच गात. रचना, चाल व गायन ही त्यांच्या बाबतीत वेगळी कामे नव्हती. कामाच्या हालचालीची लय तीच गाण्याची लय. त्यांच्या बहुतेक गाण्यांत आठ अक्षरांचे चार चरण येतात आणि दुसऱ्या व चौथ्या चरणांत यमक साधलेले असते. हा बांध स्त्रियांच्या ओवीशी जवळचा असला, तरी त्याहून आटोपशीर आहे. सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ह्यांनी ही गाणी वेळोवेळी टिपून घेतली. जी टिपली गेली नाहीत, ती गाणारीबरोबरच गेली.

मातेच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही टिपणे आचार्य अत्रे ह्यांना दाखविली. अत्र्यांच्या आग्रहामुळे व त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी हा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपले पुस्तक बहिणाबाईंना पाहावयास मिळाले नाही. जळगावातील एका छापखान्यावर, कागदावर ठसे उमटविणाऱ्या त्या यंत्रावर, त्यांनी स्वतः एक गाणे रचलेले आहे, हे येथे आठवण्यासारखे आहे.

गाणे छापील कविता बनते, तेव्हा काय टिकते व काय हरपते, हा प्रश्न ह्या संग्रहाच्या समीक्षेत पुरेसा विचारला गेलेला नाही. मौखिक गाण्याला एकच अंतिम पाठ नसतो. गाणारी प्रत्येक वेळी एखादे कडवे गाळते, एखादे वाढविते. टिपणाऱ्याने जो पाठ घेतला, तो त्या वेळचा. शिवाय टिपणारा स्वतः कवी असल्यामुळे त्याचा हात मूळ रचनेवर कितपत फिरला, अशी शंका घेता येते. तथापि सोपानदेवांची स्वतःची कविता प्रमाण मराठीत, आपल्या पिढीच्या भावकवितेच्या वळणाने जाणारी आहे. गाण्यांतील बोली, शेतीची परिभाषा व उपमांचा रोखठोकपणा तिच्यात आढळत नाही. ही शंका म्हणून फार ताणता येत नाही. चाली मात्र कागदावर आल्या नाहीत, ही हानी खरी.

ह्या गाण्यांची भाषा अनेकदा अहिराणी म्हणून सांगितली जाते; ते बरोबर नाही. अहिराणीचा मुख्य प्रदेश धुळे व जळगावचा पश्चिम भाग हा होय. बहिणाबाईंची बोली ही पूर्व खानदेशातील लेवा समाजाची, वऱ्हाडीशी नाते सांगणारी आहे. तीत ‘ळ’ चा ‘य’ होतो (जळगाव–जयगाव, डोळा–डोया) व ‘ण’ चा ‘न’ (पेरणी–पेरनी). तापीकाठच्या मळ्यांपासून अजिंठ्याच्या वाटेवरील पहूरपर्यंतच्या काळ्या जमिनीतील कपाशी-ज्वारीचे जग तिच्या शब्दकळेत उतरले आहे. प्रमाण भाषेत फिरविल्यास ह्या गाण्यांची यमके मोडतात आणि लयही ढिली पडते.

बहिणाबाईंची कीर्ती मुख्यतः मन व संसार ह्यांविषयीच्या गाण्यांवर उभी आहे. त्यांतील दृष्टांत सुभाषितांसारखे वापरले जातात व त्यामुळे बहिणाबाई म्हणजे ग्रामीण तत्त्वज्ञ, अशी एक सोयीची प्रतिमा रूढ झाली आहे. तिच्यामुळे त्यांच्या सामर्थ्याचा दुसरा भाग झाकला जातो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी ह्या कामांवरील गाणी, आखाजीच्या सणाचे गाणे, माहेरच्या वाटेचे गाणे ह्यांत तत्त्वज्ञान सांगण्याचा आव नाही. तेथे कामाचा क्रम, अवजारांची नावे, वाऱ्याची वाट पाहणे एवढेच आहे आणि तेवढ्यावर गाणे उभे राहते. वैधव्यावरील गाण्यांचा स्वरही वेगळा आहे. भविष्य सांगावयास आलेल्या जोशाला ही बाई दारातूनच परत पाठविते आणि शेजारणींची कीव नाकारते. रूढ अर्थाने सोशिक असे हे मन नव्हे. उलट, काही उपदेशपर गाण्यांत दृष्टांतांची माळ लांबत जाते व एकच मुद्दा वारंवार येतो, हेही नमूद केले पाहिजे.

छापील पुस्तकानंतर ही रचना पुन्हा गळ्यांवर गेली. मानिनी (१९६१) ह्या चित्रपटात वसंत पवार ह्यांच्या संगीतात ती आली. पुढे यशवंत देव ह्यांनी दिलेल्या चालींवर उत्तरा केळकर ह्यांनी गायिलेली गाणी लोकप्रिय झाली. आज बहुसंख्य श्रोते बहिणाबाईंना ह्याच चालींनी ओळखतात. त्या चाली गोड आहेत, पण जात्याची चाल ती नव्हे. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई ह्या वेगळ्या. नामसादृश्यामुळे दोघींचा घोटाळा केला जातो. सोपानदेव १९८२ मध्ये निवर्तले.