हा नुसता सोपस्कार : ‘मौन’चे परिशिष्ट आणि जपानमधले श्रद्धास्वातंत्र्य

शूसाकू एंदो यांची ‘मौन’ (मूळ नाव ‘चिन्मोकु’, १९६६) ही कादंबरी मी आजवर बऱ्याच मित्रांना वाचायला दिली आहे. पुस्तक परत आले की मी एक प्रश्न हमखास विचारतो : शेवटचे परिशिष्ट वाचलेत का? उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. त्यात वाचकांचा दोष नाही, कारण कथा त्याआधीच संपलेली असते. पोर्तुगीज धर्मगुरू रॉड्रिग्ज याने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवलेला असतो आणि त्या क्षणाचा अर्थ त्याच्या मनाला उमगलेला असतो. त्यानंतर सुरू होते एदो शहरातल्या ‘ख्रिस्ती वाड्या’वरच्या एका अंमलदाराची रोजनिशी. पहाऱ्यावर कोण होते, झडती कोणाची झाली, कोणाकडून काय लिहून घेतले, असा सगळा रुक्ष मजकूर. दोन-चार नोंदी चाळून वाचक पुस्तक मिटतो.

माझे म्हणणे असे, की ही कादंबरी खरी कळते ती या परिशिष्टात. ती केवळ देवाच्या मौनाची किंवा एका धर्मगुरूच्या ढळलेल्या श्रद्धेची कथा नाही. माणसाच्या एखाद्या कृतीचा अर्थ कोणी ठरवायचा, त्याने स्वतः की सरकारी दप्तराने, हा तिचा विषय आहे. जपानमधल्या धर्मस्वातंत्र्याचा सतराव्या शतकापासूनचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. मला जपानी येत नाही. विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी अनुवादावरून मी हे लिहीत आहे.

पाटीवरचा पाय

कथेचा सांगाडा इतिहासातला आहे. क्रिस्तोव्हाओ फेरेरा या जेझुइट धर्मगुरूने १६३३ मध्ये नागासाकीत, खड्ड्यात उलटे टांगण्याचा छळ सोसवेना म्हणून धर्मत्याग केला. त्याचा शोध घेत आलेला कादंबरीतला रॉड्रिग्ज ही जुझेप्पे कियारा या खऱ्या धर्मगुरूवरून घेतलेली व्यक्तिरेखा. रॉड्रिग्ज स्वतःच्या यातनांना तयार असतो. पण इथे टांगले जातात ते गावकरी, आणि त्यांची सुटका त्याच्या पावलावर अवलंबून ठेवली जाते. पाय ठेवायचा ती वस्तू म्हणजे ‘फुमिए’, ख्रिस्ताची किंवा मेरीची प्रतिमा बसवलेली पाटी. एंदोंनी नागासाकीत अशी एक पाटी पाहिली होती. तिच्या लाकडी चौकटीवर असंख्य पावलांच्या बोटांचे काळे डाग उमटले होते. ही पावले कोणाची असतील, या प्रश्नातून कादंबरी जन्मली.

त्या प्रसंगातला दुभाषा मला नेहमी अस्वस्थ करतो. तो रॉड्रिग्जला धमकावत नाही, समजावतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच, की हा नुसता सोपस्कार आहे, मनातून कोणी काही मागत नाही, पाय वरवर टेकव आणि मोकळा हो.

पण सोपस्कार नुसताच असेल, तर त्यासाठी माणसे टांगायची कशाला? ज्या कृतीला राजसत्ता क्षुल्लक म्हणते, तिच्यावाचून तिचे भागत का नाही? दुभाष्याच्या तोंडची ही विसंगती कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, असे मला वाटते.

तोकुगावा राजवटीची ही मागणी फक्त ख्रिस्ती लोकांकडे नव्हती. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिराच्या दप्तरात नाव नोंदवायचे आणि आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला मंदिराकडून घ्यायचा, अशी व्यवस्था देशभर होती. नागासाकीत वर्षारंभी पाटी तुडवण्याचा कार्यक्रम ठरलेला असे. बौद्धांनाही यातून सूट नव्हती. निचिरेन परंपरेतला ‘फुजु-फुसे’ पंथ परश्रद्धेच्या माणसाकडून दान घेत नसे आणि त्याला देतही नसे. १५९५ मध्ये हिदेयोशीने पूर्वजांसाठी हजार भिक्षूंचा विधी मांडला, तेव्हा निचिओ या भिक्षूने यायला नकार दिला. एका भोजनाला हजर राहण्याचा तो प्रश्न होता. निचिओ पुढे त्सुशिमा बेटावर हद्दपार झाला आणि १६६९ मध्ये त्या पंथावरही बंदी आली. तेव्हा ‘परका धर्म विरुद्ध जपानी संस्कृती’ एवढ्यावर हा इतिहास उरकता येत नाही. सत्तेला परकेपणाइतकाच नकारही खुपत होता.

दलदलीचा सिद्धान्त

‘मौन’वरच्या लेखनात फेरेराचे एक रूपक वारंवार येते : जपान ही दलदल आहे, इथे लावलेल्या रोपाची मुळे कुजतात. जपानी लोकांनी पूजला तो ख्रिस्ती देव नव्हेच, त्यांनी त्याचा सूर्य केला, असे तो सांगतो. अनेक समीक्षक हे एंदोंचेच मत मानतात. एंदोंच्या चरित्रात त्याला आधारही सापडतो. लहानपणी आईच्या इच्छेने मिळालेला बाप्तिस्मा आपल्याला अंगाला न बसणाऱ्या पाश्चात्त्य कपड्यासारखा वाटत राहिला, असे ते सांगत.

फेरेराच्या म्हणण्यामागे एक खरी हकीकत आहे आणि तिचे एक टोक गोव्यात आहे. कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा घेऊन तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला घेऊन जपानला उतरला. ख्रिस्ती देवाला जपानी शब्द हवा होता. अंजिरोने ‘दाइनिची’ सुचवला. ते शिंगोन बौद्धांच्या महावैरोचन बुद्धाचे नाव होते. चूक ध्यानात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्द घेतला.

पण हे रूपक कोणाच्या तोंडी आहे, हे विसरून चालणार नाही. छळाने मोडलेला आणि आता त्याच राजवटीसाठी काम करणारा माणूस ते बोलतो. इनोउए हा चौकशी अधिकारीही असेच बोलतो. ‘हे तुमच्या मातीत रुजणारच नाही’ हे वाक्य, रोप उपटणाऱ्यानेच उच्चारावे, यातला उपरोध एंदोंनी पुरेसा टोकदार केलेला नाही. कादंबरीची ही एक दुबळी जागा आहे. छळाचे परिणाम मातीच्या माथी मारले जातात आणि वाचक ते सहज मान्य करतो.

इथे न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कादंबरीतला रॉड्रिग्जही गोव्यावरूनच पुढे जातो. ज्या चर्चची माणसे जपानमध्ये मारली जात होती, त्याच चर्चचे इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात बसले होते. त्याची मागणी झेवियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाकडे पत्राने केली होती. मंगेशी, शांतादुर्गा ही दैवते नदीपलीकडे का न्यावी लागली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गोव्यात १७३६ च्या फर्मानाने दारातली तुळस आणि लग्नातल्या जुन्या चालीरीतीही निषिद्ध ठरवल्या. गोव्यातली सत्ता म्हणत होती : तुमचा हा रिवाज म्हणजे धर्म आहे, तो बंद करा. जपानमधली सत्ता म्हणत होती : आमचा हा विधी म्हणजे नुसता रिवाज आहे, तो करा. दिशा उलट असली तरी रिवाज कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो, हे ठरवणारे कार्यालय दोन्हीकडे सत्तेचेच होते.

आतल्या खोलीतले देव

दलदलीच्या सिद्धान्ताला इतिहासानेच उत्तर दिले आहे. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले आणि आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना चालू ठेवल्या होत्या. दोनच वर्षांनी उराकामीकरांनी आपली प्रेते मंदिराच्या भिक्षूकडून पुरून घ्यायला नकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या केलेला सोपस्कार त्यांनी प्रथमच नाकारला. मेइजी सरकारने तीन हजारांहून अधिक माणसांना देशभर हद्दपार केले. त्यांतली सहाशेंच्या वर दगावली. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले.

मला अधिक विचारात पाडतात ते बंदी उठल्यावरही चर्चकडे परत न गेलेले लोक. इकित्सुकी बेटावरच्या अशा घरांत बौद्ध देव्हारा होता, शिंतो फळीही होती आणि आतल्या खोलीत ‘नांदोगामी’ म्हणजे कोठीतले देव होते. त्यांच्या ‘ओराशो’ या प्रार्थनांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द इतके झिजले होते, की म्हणणाऱ्यांनाही अर्थ लागत नसे. घरात मृत्यू झाला की भिक्षू येऊन सूत्रपठण करी, आणि त्या पठणाचा परिणाम पुसून टाकणारी प्रार्थना घरातले लोक गुपचूप म्हणत. चर्चच्या दृष्टीने ही भेसळ होती. मला ती श्रद्धेची स्वतंत्र परंपरा वाटते. एकाच घरात अनेक श्रद्धा नांदणे जपानला नवे नाही. तिथल्या सांस्कृतिक खात्याकडे धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून अधिक भरते. पण बाहेर सोपस्कार पाळून आत तो पुसणाऱ्या माणसाची नोंद अशा कोणत्याच बेरजेत होत नाही.

मान किती वाकवायची

१८८९ च्या मेइजी राज्यघटनेने धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य दिले. मात्र शांतता-सुव्यवस्था आणि प्रजेची कर्तव्ये यांना बाध येता कामा नये, अशी मेख मारली. पहिली परीक्षा लगेच झाली. जानेवारी १८९१ मध्ये तोक्योच्या एका सरकारी शाळेत सम्राटाच्या सहीच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे शिक्षक एकेक करून नमन करत होते. कान्झो उचिमुरा या ख्रिस्ती शिक्षकाची मान पुरेशी वाकली नाही. गहजब झाला. हे पूजन नव्हे, आदर आहे, असे सांगितल्यावर उचिमुरांनी नमनाची तयारी दाखवली. पण ते न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून एका सहकाऱ्याने त्यांच्या वतीने मान वाकवली. तरीही नोकरी गेली. बदली माणसाने करूनही चालते असे ते नमन, पण न करून चालत नव्हते. दुभाष्याचा सोपस्कार आता शाळेच्या सभागृहात आला होता.

१९०० मध्ये गृहखात्याने देवस्थानांसाठी एक विभाग आणि धर्मांसाठी दुसरा, अशी विभागणी केली. शिंतो देवस्थान कागदोपत्री धर्माबाहेर गेले, आणि मग तिथे जाण्याची सक्ती धर्मस्वातंत्र्याच्या आड येईना. १९३२ मध्ये सोफिया विद्यापीठातल्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनीपुढे वंदन केले नाही. तेव्हा शिक्षणखात्याने खुलासा केला की हे वंदन निष्ठा आणि देशभक्ती यांपुरतेच आहे. १९३६ मध्ये व्हॅटिकननेही ते मान्य केले. जपानी अमलाखालच्या कोरियात प्रेस्बिटेरियन महासभेने १९३८ मध्ये तसाच ठराव केला. तो न मानणारे पाद्री चू कि-चोल १९४४ मध्ये तुरुंगात वारले. त्याच वर्षी जपानमध्ये त्सुनेसाबुरो माकिगुची हे बौद्ध शिक्षकही तुरुंगात वारले. इसे देवस्थानाचा ताईत त्यांनी नाकारला होता.

भूमिपूजन आणि एक विधवा

१९४७ च्या राज्यघटनेतले विसावे कलम निःसंदिग्ध आहे : कोणालाही धार्मिक विधीत भाग घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि शासनाने धार्मिक कार्यात पडू नये. पण धार्मिक म्हणजे काय, हा प्रश्न उरलाच. त्सु शहराच्या नगरपालिकेने १९६५ मध्ये व्यायामशाळेच्या बांधकामाआधी शिंतो पुरोहितांकडून भूमिशांती केली आणि खर्च सरकारी तिजोरीतून दिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध पाच मतांनी तो लौकिक रिवाज ठरवला. सरकारी इमारतींच्या पायाभरणीला नारळ फुटताना पाहत आलेल्या आपल्याला हा युक्तिवाद अनोळखी वाटू नये.

दुसरा खटला अधिक अवघड आहे. स्वसंरक्षण दलातला एक जवान १९६८ मध्ये रस्ता अपघातात गेला. यामागुचीच्या गोकोकु देवस्थानात त्याची देव म्हणून प्रतिष्ठापना झाली. माजी सैनिकांच्या संघटनेने अर्ज केला होता आणि दलाच्या स्थानिक कार्यालयाचे साहाय्य होते. त्याची पत्नी ख्रिस्ती होती. पतीचे स्मरण तिला आपल्या श्रद्धेप्रमाणे करायचे होते आणि तिने विरोध कळवला होता. खालच्या दोन न्यायालयांत ती जिंकली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चौदा विरुद्ध एक मतांनी हरली. इतरांच्या धार्मिक आचरणाबाबत तिनेही सहिष्णुता दाखवावी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

यावर सरळ उत्तर नाही, हे मी मान्य करतो. मुलाची प्रतिष्ठापना व्हावी असे त्याच्या वडिलांना वाटत होते आणि त्यांच्या श्रद्धेलाही मोल आहे. पण सहिष्णुतेची अपेक्षा एकट्या बाईकडून केली गेली, सरकारी कार्यालयाकडून नाही. सहिष्णुता हा शब्दही अशा वेळी सोपस्कारासारखा वापरता येतो. हेच न्यायालय वेगळेही वागले आहे. १९९६ मध्ये श्रद्धेमुळे केंदोच्या तासाला भाग न घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला काढून टाकणे त्याने बेकायदा ठरवले. १९९७ मध्ये एहिमे प्रांताने यासुकुनीला दिलेले पैसे घटनाबाह्य ठरवले. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही, तो दरवेळी नव्याने लढावा लागतो.

पुन्हा परिशिष्ट

आता पुन्हा त्या रोजनिशीकडे येऊ. रॉड्रिग्ज तिथे ओकादा सान्एमोन या जपानी नावाने वावरतो. त्याच्याकडून धर्मत्यागाचे लेख पुन्हा लिहून घेतले जात असल्याची नोंद आहे. एकदा पाय ठेवला की सुटका, असे दुभाष्याने सुचवले होते. प्रत्यक्षात सोपस्कार आयुष्यभर पुरला. पुन्हा पुन्हा लिहून घ्यावे लागते, याचा अर्थ दप्तराचाही त्या पावलावर विश्वास बसलेला नाही. मग किचिजिरोची नोंद येते. सतत शरण जाणारा, सतत माफी मागत परतणारा हा दुबळा माणूस. झडतीत त्याच्या गळ्यातल्या पिशवीत ख्रिस्ती प्रतिमांचा ताईत सापडतो. त्याने किती वेळा पाटी तुडवली असेल! शेवटी ओकादा मरतो, त्याचे दहन होते, त्याला बौद्ध मरणोत्तर नाव दिले जाते. नोंद संपते.

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटात शवपेटीतल्या रॉड्रिग्जच्या हातात छोटा क्रूस दाखवला आहे. कादंबरीत तो नाही. प्रेक्षकाला दिलासा हवा असतो, तो स्कॉर्सेसींनी दिला. एंदोंनी दिला नाही, आणि मला एंदोंचे बरोबर वाटते. क्रूस दाखवला की आपणही झडती घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतो. मेलेल्या माणसाची मूठ उघडून आत खरे काय होते, ते पाहतो. एंदोंची रोजनिशी ती मूठ मिटलेलीच ठेवते. म्हणून यापुढे कोणी हे पुस्तक मागितले, तर देतानाच मी सांगणार आहे : शेवटची पाने सोडू नका. कंटाळवाणी आहेत, पण सावकाश वाचा.